कै. लावलेलं पान

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की माझ्या कामात ऐकण्यासारखं काही नाही, मी शीटना लिंक लावते. ते म्हणाले, म्हणजे नक्की काय करता? घरचेही मला इतकी वर्षं हाच प्रश्न विचारतात आणि माझं उत्तर संपायच्या आत उठून जातात. वाचकांना उठावंसं वाटलं तर त्यांनी खुशाल पान उलटावं. मला काही कळणार नाही.

नोकरी केली ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, हिशेब खात्यात. तिथेच मॅक्रो लिहायला शिकले. निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीतल्या राहत्या घरी, देवघर आणि फ्रिज यांच्या मधल्या टेबलावर माझं ऑफिस सुरू झालं. गिऱ्हाइकं म्हणजे मसालेवाले, क्लासवाले, डेकोरेशनवाले. मोठं सॉफ्टवेअर परवडत नाही आणि वही आता पुरत नाही, अशी मधल्यामध्ये अडकलेली माणसं.

काम सोपं आहे. एक्सेलच्या एका फाइलमध्ये पुष्कळ शीट असतात, वहीत पानं असावीत तशी. पाच-सात असली तर खालच्या पट्टीवर त्यांची नावं दिसतात, हवं त्यावर बोट ठेवलं की झालं. पण ती वाढली की पट्टीवर मावत नाहीत आणि माणूस बाण दाबत बसतो. मग पुढे एक यादीचं शीट करायचं, त्यात सगळी नावं लिहायची आणि प्रत्येक नावाला लिंक लावायची. नाव दाबलं की त्याचं पान उघडतं. त्या पानाच्या डोक्यावर ‘यादीकडे परत’ अशी दुसरी लिंक असते, ती दाबली की पुन्हा यादीत. हे सगळं हाताने करायचं तर दिवस जातो आणि चुका होतात त्या वेगळ्याच. म्हणून मॅक्रो. मॅक्रो म्हणजे यंत्राला एकदा लिहून दिलेली कामाची रीत. प्रत्येक शीटपाशी जा, त्याचं नाव वाच, ते यादीत लिही, लिंक लाव, पुढच्याकडे जा. एक बटण दाबलं की डोळ्यादेखत निळी नावं एकाखाली एक उमटत जातात. ते बघायला मला अजून आवडतं.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांच्या गळी उतरत नाही. लिंक माणसाला ओळखत नाही, ती फक्त नाव ओळखते. शीटचं नाव बदललं की जुनी लिंक दारावरची पाटी बदललेल्या घरासमोर जाऊन उभी राहते आणि असा पत्ता नाही म्हणून इंग्रजीत तक्रार करते. माझा स्वभाव मुळात धास्तीचा. घराबाहेर पडताना मी गॅसचा नॉब तीनदा बघते आणि जिन्यात आल्यावर चौथ्यांदा बघायला वर जाते. त्यामुळे कोण कुठलं नाव बदलेल, या काळजीत माझी निम्मी झोप गेली आहे.

लोक मागतात तरी काय काय. शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावातले बांधकामवाले तात्या होते. घराण्याच्या जमिनींची फाइल, प्रत्येक भावाचं एक शीट. चुलतभावाशी त्यांचं वाकडं. मला म्हणाले, “ताई, त्याचं नाव यादीत असू द्या, पण दाबल्यावर उघडाया नगं. आमच्यात असंच हाय.” मी दिलं करून. पुढे समेट झाला तेव्हा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आता उघडू द्या. अशी कामं करताना हसू येतं, धास्ती वाटत नाही. धास्ती वाटली ती विश्रांतवाडीच्या कामात.

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यापासून आत एक वृद्धाश्रम आहे. चालवतात मंगलाताई. स्वतः साठीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि कौतुकाचा शब्द काढतील तर शपथ. त्यांच्या तोंडून ‘चालतंय’ आलं की आपण पेढे वाटावेत. औषधांचा सगळा कारभार नीता सिस्टरच्या हातात. ती यवतमाळची. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून गावचंच. आश्रमातल्या प्रत्येकाचं एक शीट होतं: कुठलं औषध, कधी, किती, कशाची ॲलर्जी, नातेवाइकांचा फोन. मी यादी केली, लिंक लावल्या, टॅबवर चालेल असं बसवून दिलं. सिस्टरने नाव दाबायचं, पान बघून गोळ्या द्यायच्या, खूण करायची, ‘यादीकडे परत’ दाबायचं, पुढचं नाव. मंगलाताई चालतंय म्हणाल्या.

पण तिथे एक रिवाज होता. आश्रमातलं कोणी गेलं की त्याचं शीट काढून टाकायला कोणी तयार होत नसे. नीता म्हणाली, “मॅडम, त्याईच्या नावावर डिलीट कसं दाबू मी? हात नाही होत.” मग ती शीटच्या नावाआधी कै. लिहायची आणि ते तसंच राहू द्यायची. मंगलाताईंना रोजच्या यादीत गेलेल्यांची नावं नको होती, ते बरोबरच होतं. म्हणून मी मॅक्रोत एक ओळ वाढवली. नावाच्या सुरुवातीला कै. असेल तर ते शीट रोजच्या यादीत घेऊ नकोस, ‘स्मरण’ नावाच्या वेगळ्या यादीत टाक. मला ती ओळ फार शहाणपणाची वाटली होती. कोणी पुसलं जात नव्हतं आणि कोणाच्या गोळ्या चुकूनही काढल्या जात नव्हत्या.

आता आबा. खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते, हयात तिथल्याच क्वार्टरमध्ये काढली. लग्न केलं नाही. जवळचं म्हणावं असं मागे कोणी नाही, म्हणून निवृत्तीनंतर काही वर्षांनी स्वतःच चौकशी करून आश्रमात आले. ताठ, दाढी रोजची, शर्टाच्या खिशाला पेन. आश्रमातला नळ गळतो का, भाजीत मीठ सारखं पडलंय का, सगळं तपासायचे आणि शेरा द्यायचे. मला अहो रेखाबाई म्हणायचे. माझ्या यादीतली नावं वर्णानुक्रमे नाहीत, हेही पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं. त्यांना पूर्वी फिट येऊन गेली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एक गोळी ठरलेली. ती चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या शीटवर लाल अक्षरांत लिहायला लावलं होतं.

मध्यंतरी आबा तापाने रुग्णालयात होते. एका सकाळी तिथून आश्रमात फोन आला, तुमचे गृहस्थ गेले. सगळ्यांना रडू फुटलं. प्रार्थनेच्या खोलीत दिवा लागला, आणि नीताने डोळे पुसत त्यांच्या शीटला कै. लावून बटण दाबलं. मंगलाताई पुढचं बघायला रुग्णालयात पोचल्या, तर आबा खाटेवर बसून मुगाची खिचडी खात होते आणि ती अळणी असल्याचं तिथल्या बाईंना सांगत होते. गेले होते ते शेजारच्या खाटेवरचे. निरोप भलत्याच घरी आला होता.

दोन दिवसांनी आबा परत आले तेव्हा आश्रमात लाडू झाले. खोटी मरणवार्ता आली की आयुष्य वाढतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. नीता त्यांच्या नावाचं कै. काढायला गेली तर आबांनीच हात धरला. म्हणाले, राहू दे की, तेवढीच वर्षं वाढली तर बिघडलं कुठे. सगळे हसले. मंगलाताईही हसल्या म्हणतात, मी ते पाहिलेलं नाही. कै. तसंच राहिलं. नीता रोज खालच्या पट्टीवर शोधून त्यांचं शीट हाताने उघडायची आणि गोळी द्यायची. यादीत ते नव्हते, पण नीताच्या डोक्यात होते. यातलं मला कोणी काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटलंच नसेल.

मग नीता बहिणीच्या लग्नाला यवतमाळला गेली.

मी त्या रविवारी दुपारी आश्रमात गेले ती वेगळ्याच कामाला. भेटायला येणाऱ्यांची नोंद मंगलाताईंना त्याच फाइलमध्ये हवी होती. आबा अंगणात जांभळाखाली परात घेऊन मटार सोलत बसले होते. मला बघून खूश झाले. म्हणाले, “रेखाबाई, अभिनंदन करा. आपल्या गोळ्या सुटल्या. सगळ्या.”

मी म्हटलं, अरे वा, कोणी सोडवल्या? तर म्हणाले, डॉक्टरांनीच असणार, शुक्रवारपासून सिस्टर आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि मटाराची शेंग मोडत स्वतःशीच हसले. बऱ्या झालेल्या माणसाचं हसू होतं ते.

मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. मी तडक आत गेले. बदली सिस्टर टॅब घेऊन बसली होती, चांगली नीटस, कामात चोख मुलगी. मी तिला विचारलं, आबांना गोळ्या कोणी बंद केल्या? ती गोंधळली. म्हणाली, “मॅडम, लिस्टमध्ये त्यांचं नावच नाहीये. मला वाटलं ते गेस्ट आहेत, राहायला आलेत कोणाकडे तरी.”

मी यादी बघितली. आबा नव्हते. खालची पट्टी सरकवत गेले, आणि शेवटाकडे त्यांचं शीट सापडलं. नावाआधी कै. होतं. उघडलं तर ती लाल अक्षरं तिथेच होती, गोळी चुकवू नये. त्या पानाला ‘यादीकडे परत’ लिंकसुद्धा होती. परत जायची वाट होती, यायची वाट माझ्या त्या शहाण्या ओळीने बंद केली होती. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिने यादीतल्या प्रत्येकाला वेळेवर औषध दिलं होतं. यादी इतकी सोयीची होती की मान वर करून माणसं बघायची तिला गरज पडली नव्हती, आणि ती सोय मीच तर मिरवत होते.

मंगलाताईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताची गोळी लगेच द्या, चुकलेल्या भरून काढायला जास्त देऊ नका, एकटं सोडू नका, मी संध्याकाळी येतो. गोळी दिली. आबा नाराज झाले. नावाचं कै. मी त्यांच्यासमोरच काढलं, तेव्हा म्हणाले, आयुष्य कमी करताय तुम्ही माझं. मी म्हटलं, आबा, पाणी प्या आणि गोळी गिळा.

मग मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. डॉक्टर येईपर्यंत मी त्यांच्या हातांकडे बघत होते. शेंग मोडायची, अंगठ्याने दाणे काढायचे, साल बाजूला. एकदा त्यांचा हात मध्येच थांबला आणि माझा श्वासही थांबला. ते अळी बघत होते. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुम्ही मटार कधी बघितले नाहीत का? आत वेगळाच हिशेब चालला होता. हा माणूस आत्ता इथे कोसळला, तर मी घरी जाऊन ते टेबल, तो कॉम्प्युटर यांच्याकडे कशी बघणार होते? काही झालं नाही. पण काही होणार नाही हे आधी कळत नसतं, आणि ते कळेपर्यंतचा वेळ फार वाईट असतो. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, नशीब समजा म्हणाले.

घरी आल्यावर मी मॅक्रो उघडला. कै. लिहिलं तर यंत्राने दोनदा विचारावं, एवढं तर केलंच. पण माझं समाधान होईना. यंत्र कितीदाही विचारेल, उत्तर देणारा माणूस रडत असला किंवा हसत असला तर हो म्हणून मोकळा होणार. यादीतली नावं शीटवरून येतात, शीटची नावं माणसं टाइप करतात. यादी बरोबर आहे की नाही, हे यादीला विचारून काय उपयोग? यादीबाहेरचं काहीतरी मोजायला हवं होतं. विचार करकरून डोकं शिणलं, तेव्हा आठवलं की आश्रमात एकच गोष्ट अशी आहे जी कोणी चुकवत नाही. सकाळचा चहा.

नीता परत आल्यावर मी तिला नवी पद्धत सांगितली. सकाळी चहा झाला की रिकामे झालेले कप मोजायचे. चहा न पिणाऱ्यांचं दूधही कपातच द्यायचं. कोणी रुग्णालयात असेल तर त्याचा कप ट्रेमध्ये उपडा ठेवायचा, पण मोजायचा. तो आकडा यादीच्या वरच्या चौकोनात लिहून बटण दाबायचं. मॅक्रो आधी कालच्या लिंक काढेल, आणि कपांचा आकडा आणि यादीतली नावं जुळली तरच नव्या लावेल. नाही जुळली तर नावं काळीच राहतील, एकही उघडणार नाही.

मंगलाताईंनी लगेच विचारलं, आणि मग सगळ्यांची औषधं खोळंबतील त्याचं काय? मी म्हटलं, खोळंबणार नाहीत, खालच्या पट्टीवरून हाताने उघडता येतात, त्रास होईल एवढंच. तो त्रास व्हायलाच हवा. त्या चालतंय म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी नीताचा मेसेज यायचा, चहा जुळला. मी तो बघितल्याशिवाय वर्तमानपत्र उघडत नसे.

आणि मग एका सकाळी मेसेजऐवजी फोन आला. नीताचा आवाज घाबरलेला. “मॅडम, एक कप कमी येऊन राहिला. आबांचा चहा तसाच आहे ट्रेमध्ये. खोलीत नाहीत, बाथरूममध्ये नाहीत, कुठंच दिसून नाही राहिले.”

तिला म्हटलं, औषधं हाताने उघडून दे, मी निघाले. रिक्षात बसले तेव्हा गॅस बघायचा राहिला हेही लक्षात आलं नाही. बिबवेवाडीहून विश्रांतवाडी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक, त्यात सकाळची गर्दी. प्रत्येक सिग्नलला मला आबा दिसत होते, कधी रस्त्याच्या कडेला पडलेले, कधी गच्चीवर. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी हो म्हटलं. ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

येरवड्याच्या पुढे गेल्यावर पुन्हा फोन आला. आबा सापडले होते. रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर बसून आश्रमाच्या फाटकाकडे बघत होते. नीता धावत गेली तेव्हा उठून उभे राहिले आणि घड्याळात बघून ‘ठीक’ म्हणाले.

मी पोचले तेव्हा ते जांभळाखाली बसले होते, मंगलाताईंची बोलणी खाऊन झालेली. माझा राग डोक्यात गेला होता. इतक्या म्हाताऱ्या माणसावर मी कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. सगळ्या आश्रमाचा जीव टांगणीला लावायचा हा काय पोरखेळ, असं काहीबाही बोलले. त्यांनी पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “रेखाबाई, कारखान्यात आम्ही मालाच्या लॉटमध्ये मुद्दाम एक खराब नग सोडायचो. कोणाला सांगायचं नाही. तपासणारा जागा आहे की नुसतीच सही करतोय, ते त्याशिवाय कळत नाही.”

पुढे म्हणाले, “तुमची पद्धत चांगली आहे. पण ती मला बघायची होती. मी नसलो तर ते कोणाच्या लक्षात येतं का, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.”

डोळ्यांत पाणी आलं ते तसंच येऊ दिलं. नीताने चहा परत गरम केला. आबा प्याले. तिने कप मोजून आकडा लिहिला, बटण दाबलं, आणि काळी नावं वरून खाली निळी होत गेली. आपलं नाव निळं होईपर्यंत आबा चष्मा सावरून बघत होते. मग त्यांनी स्वतः ते दाबलं, उघडलेलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, परत यादीत आले आणि टॅब नीताच्या हातात दिला.

निघताना मी त्यांना माझा नंबर लिहून दिला. म्हटलं, पुन्हा तपासणी करायची झाली तर आधी मला कळवा. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात, पेनापाशी ठेवला. आधी कळवलं तर ती तपासणी कसली, म्हणाले.

आता नीता मेसेज पाठवत नाही, आबा स्वतः फोन करतात. जुळला, एवढा एकच शब्द बोलून ठेवून देतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कधी पाच मिनिटं पुढे-मागे होतं आणि मी ओट्याशी उभी राहते, दूध काढलेलं, आलं किसलेलं, नॉबवर हात. तो फोन येईपर्यंत मी माझा चहा टाकत नाही.